न भाजणारा हात

आमच्या अण्णांचा हात भाजत नसे. अकरा वर्षांची असताना ही गोष्ट मी अख्ख्या मंडळीत अभिमानानं सांगत फिरले आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात चादरींचं सूत रंगवणाऱ्या एका रंगखान्यात ते कामाला होते. कढत रंगाच्या हौदात सुताच्या लडी बुडवायच्या, काठीनं खालीवर करायच्या आणि रंग धरला की बाहेर काढून पिळायच्या, हे त्यांचं काम. बाकीचे लोक लडी काठीवर घेऊन जरा निवू देत आणि मग हात लावत. अण्णा सरळ हात घालत. त्यांच्याबरोबरचे तेलुगू बोलणारे कामगार म्हणत, याच्या हाताला सवय झाली. अण्णांचे हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी निळे, तर कधी दोन्ही रंग मिसळून काळपट दिसत. साबणानं जायचा नाही, रॉकेलनं जायचा नाही असा तो रंग. त्या रंगाखाली त्यांची कातडी कशी आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आठवड्याचे सहा दिवस ते रंगारी. रविवारी मात्र पांढरा सदरा घालून, धोतर नेसून देवळात पेटी वाजवायचे आणि उपासनेच्या आधी आम्हा पोरांची रविवारची शाळा घ्यायचे. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो आणि तिथं जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांना मंडळी, अजूनही म्हणतो. अण्णांना येशूनं सांगितलेले बियांचे दाखले, म्हणजे दृष्टांत, फार आवडत. मोहरीचा दाणा तर होताच, पण त्यांचा सर्वांत लाडका दाखला वेगळा होता आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. एक माणूस शेतात बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो, आपली कामं करतो. इकडे बी उगवून वाढत राहतं, कसं ते त्याचं त्यालाच कळत नाही. जमीन आपली आपण पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात दाणा. एवढाच दाखला आहे, चार ओळींचा.

अण्णा त्याला स्वतःची पुस्ती जोडत. त्यांचं बालपण मोहोळकडच्या एका खेड्यात गेलं. तिथं त्यांनी लहानपणी परसात भुईमुगाचे दाणे टोकले आणि उगवलं का ते बघायला रोज सकाळी माती उकरली. चार दिवसांत दाणे कुजले. "उकरून बगितलं की बी मरतं," ते आम्हाला सांगत. "विश्वास म्हंजे काय रं पोरानु? तर न उकरणं." आम्ही पोरं ते पाठ म्हणायचो. शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठंही न उकरणं असं लिहिलेलं नाही, याची मी पुढं किती वेळा वाचून खात्री केली आहे. पण अण्णांच्या तोंडून ऐकलं म्हणजे ते शास्त्रच, असं आमच्या घरात होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा नाताळ. नाताळात उपासना झाली की देवळाच्या आवारात प्रीतिभोजन असे. मटणाचा रस्सा आणि भात. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि बायकांनी बसून नावं ठेवायची. तीन मोठ्या दगडांच्या चुलीवर रश्शाचं पातेलं चढवलं होतं, दोन माणसांना मिळून उचलावं लागेल एवढं. ऐन उतरवायच्या वेळी एक दगड सरकला आणि पातेलं कललं. शेजारीच पोरांची पंगत बसलेली. सगळे ओरडत मागं झाले. अण्णा पुढं झाले, त्यांनी दोन्ही हातांनी पातेल्याचा काठ धरला आणि कुणीतरी फडकी आणून पातेलं सावरेपर्यंत तसेच उभे राहिले. ना दात आवळलेले, ना कपाळावर आठी. पातेलं खाली आल्यावर त्यांनी हात धोतराला पुसले.

"वाडा की आता," ते म्हणाले, "पोरं भुकेली हायती."

कुणीतरी धावत जाऊन दौत आणली आणि त्यांच्या तळव्यांवर निळी शाई ओतली, भाजल्यावर तेव्हा लोक तसंच करत. संध्याकाळपर्यंत तळव्यांना मोठाले फोड आले. आई रडवेली होऊन विचारत होती, लई दुखतंय का. ते म्हणत होते, न्हाय की गं, खरंच न्हाय.

वर्षअखेरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी प्रवचनाला हा विषय घेतला. ते भले माणूस होते, जरा भोळे, आणि बोलायला काही सापडलं की सहजी सोडत नसत. शास्त्रातली, भट्टीत टाकूनही न जळलेल्या तीन तरुणांची गोष्ट सांगून त्यांनी पेटीमागं बसलेल्या अण्णांकडे बोट दाखवलं. मोहरीएवढा विश्वास असला की काय होतं ते आपण नाताळात डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणाले. सगळ्या माना वळल्या. अण्णा खाली बघत होते. मी मात्र मान ताठ करून चहूकडे बघून घेतलं.

शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी देवळात यायची नाही. तिला हे सगळं सांगितल्यावर ती फिसकन हसली. म्हणाली, नाटक करत असतील तुझे अण्णा, दुखलं तरी सांगत नसतील. मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मलाच शंका आली.

पुढच्या रविवारी दुपारी अण्णा जेवून चटईवर झोपले होते. आई शेजारी गेली होती. मी ब्लाउजला हुक लावत बसले होते, हातात सुई होती. अण्णांचा उजवा हात चटईबाहेर पालथा पडला होता. मी करंगळीच्या बाजूला हळूच सुई टेकवली. ते हलले नाहीत. मी थोडी दाबली. मग आणखी दाबली. रक्ताचा थेंब वर आला, मोहरीएवढा, आणि अण्णा घोरत राहिले.

मला झालेला आनंद मला आज लिहितानाही लाजवतो. मी अंग चोरून बसले आणि देवाचे आभार मानले. आमचे अण्णा नाटक करत नव्हते. झोपेतसुद्धा त्यांचा विश्वास जागा होता. थेंब मी परकराच्या टोकानं टिपला आणि ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. सांगणं म्हणजे उकरणं, आणि उकरलं की मरतं.

पुढं दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला पाणी नाही, रंगखाना आठवड्यातले चार दिवस बंद. आजारपणं वाढली. आमच्या चाळीत बिड्या वळणाऱ्या एक मावशी राहत, आमच्याच मंडळीतल्या. त्यांचं तीन वर्षांचं पोर तापानं फणफणलं. त्या त्याला घेऊन आमच्या दारात आल्या. "अण्णा, तुमचा हात ठिवा की वो ह्येच्यावर. तुमच्या हाताला देवानं दिलंय."

अण्णा आधी नको म्हणाले. मग त्यांनी पोराच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. दोन दिवसांनी ताप उतरला. तापच तो, उतरायचाच होता, किंवा मावशींनी दवाखान्यातून आणलेल्या औषधानं उतरला. पण नाव अण्णांच्या हाताचं झालं. त्यानंतर लोक येऊ लागले. कुणाचं बाळ दूध पीत नाही, कुणाची म्हातारी खोकते. अण्णा सगळ्यांच्या डोक्यावर, छातीवर, पोटावर आपला निळा-लाल हात ठेवत. त्यांच्यात फरक पडलेला मला दिसे. ते पाठ सरळ ठेवून चालू लागले होते. रंगखान्यात वीस वर्षं वाकून काम केलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा मोठं म्हटलं होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं. मी त्याबद्दल त्यांना दोष देत नाही. मलाही आवडलं होतं.

एकटी आई गप्प होती. तिला दुसरंच काही दिसत होतं. अण्णांच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटायची आणि ते तसेच अनवाणी घरी यायचे. दाढी करताना बोट कापलं तर रक्त टॉवेलावर दिसेपर्यंत त्यांना पत्ता नसे. पेटीवर करंगळी हवी तिथं पडेना, सूर चुकायला लागले. एकदा ती म्हणाली, "दाक्तरला दावा की एकदा. मला काय बरं वाटंना ह्ये."

अण्णा पहिल्यांदाच तिच्यावर चिडले. "देवाचं काम चाललंय, तर तू उकरून बगायला निगालीस व्हय?"

त्यानंतर तिनं मला एकटीला गाठलं. "खरं सांग, तुला कायतरी दिसलंय का अण्णांच्या हाताचं?" मी सुईची गोष्ट तेव्हा सांगू शकत होते. मी म्हणाले, काही नाही. वर तिला ऐकवलं की तुझा विश्वास कमी आहे. तेरा वर्षांची पोरगी आईला हे म्हणाली आणि आईनं ऐकून घेतलं. तिला वाटलं असणार, बापलेक दोघं म्हणतात म्हणजे चुकत आपलंच असेल.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी शाळेत कुष्ठरोग तपासणीचे लोक आले. तेव्हा सगळे महारोगच म्हणत, आणि तेही हळू आवाजात. एकेका वर्गाला बोलवून तपासत होते. मुलींच्या खोलीत आमच्या बाई थांबल्या होत्या आणि तपासनीस होते एक मध्यमवयीन, चष्मा लावणारे गृहस्थ. माझ्या पाठीवर डाव्या खांद्याखाली त्यांना आठ आण्याच्या नाण्याएवढा फिकट चट्टा दिसला. माझ्या पाठीचा तो भाग मी कशाला बघायला गेले होते! त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं.

"पीस लावतोय. लागलं की सांग."

मी वाट बघत राहिले.

"लागतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

मग त्यांनी दुसरीकडे पीस लावलं, तिथं लगेच गुदगुली झाली. पुन्हा चट्ट्यावर लावलं. काही नाही. आणि मिटल्या डोळ्यांमागं मला एकदम उमजलं, म्हणजे तसं मला वाटलं, की हे तर अण्णांचंच मला आलं आहे. माझ्यातही ते गुपचूप वाढत होतं, मला न कळता, अगदी दाखल्यातल्यासारखं. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. मी डोळे उघडून मोठ्यानं, बाईंनाही ऐकू जाईल असं, सांगितलं, "आमच्या अण्णांचंपण असंच आहे. त्यांना तर भाजतसुद्धा नाही."

तपासनीस काहीतरी लिहीत होते. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते कौतुक नव्हतं. बाईंनी माझा ब्लाउज खाली ओढला आणि हात आपल्या पदराला पुसले. त्यांनी हात पुसले ते मी पाहिलं आणि तेवढ्यानं मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवरून आमच्या घरी आले. चाळीत बोभाटा नको म्हणून पिशवी घेऊन विमा एजंटासारखे आले, एवढं त्यांचं सौजन्य. अण्णांना त्यांनी हात धुवून यायला सांगितलं. अण्णा धुवून आले, हात होते तसेच निळे. "रंग जात न्हाय साहेब," ते म्हणाले. मग त्यांनी सदरा काढायला लावला. अण्णांच्या पाठीवर मोठाले फिकट डाग होते. आईनं ते पाहिलेले होते की नाही, मी कधी विचारलं नाही. तपासनिसांनी त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला चाचपून बघितलं, तिथली शीर दोरीसारखी जाड लागत होती. मग म्हणाले, डोळे मिटून बसा. जिथं पीस लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा.

अण्णा मांडी घालून, डोळे मिटून बसले. प्रार्थनेला बसत तसेच. हात पुढं केलेला. तपासनीस पीस फिरवू लागले. तळव्यावरून, बोटांवरून, मनगटावरून. मी आणि आई समोर उभ्या होतो. अण्णांच्या दुसऱ्या हाताचं बोट हललं नाही. पीस पुन्हा फिरलं. आईनं तोंडावर पदर धरला. बराच वेळ गेला तसे अण्णा डोळे न उघडताच म्हणाले,

"करा की सुरू, साहेब."

वाट बघून त्यांनी डोळे उघडले. त्यांनी पीस पाहिलं, मग आईचा चेहरा पाहिला. मग त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीखाली ठेवला, लहान मूल काही लपवतं तसा.

त्यांनी एकच विचारलं. "हिला माज्यामुळं झालं का?"

तपासनीस समजूतदार होते. ते म्हणाले, तसं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. हा रोग श्वासातून येतो, बरोबर राहून येतो, पुष्कळांना तर होतच नाही. शरीरात शिरला की वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, मग कधीतरी वर दिसतो. पेरणी कधी झाली आणि कुणी केली, ते कुणालाच समजत नाही.

"हात लावून?"

"हात लावून सहसा होत नाही."

अण्णांनी त्यातला 'सहसा' तेवढा ऐकला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना माझं डोकं अजून तापतं. बातमी चाळीत चार दिवसांत फुटली. बिड्या वळणाऱ्या मावशींनी आपल्या पोराला फिनेलच्या पाण्यानं घासून आंघोळ घातली, ते रडताना सगळ्या चाळीनं ऐकलं. नंतर त्यांनी आईला वाटेत अडवून विचारलं, "तवा तुमास्नी म्हाईत न्हवतं का? खरं सांगा. माज्या ल्येकराच्या कपाळावर हात ठिवताना म्हाईत न्हवतं का?" आई म्हणाली, न्हवतं वो. ते खरंच होतं, पण मावशींना पटलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. स्वतःच्या पोरासाठी त्या घाबरल्या होत्या.

राग येतो तो देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींचा. पेटी दुसऱ्याकडे गेली, ठीक आहे, बोटं वळतच नव्हती. रविवारची शाळा काढून घेतली. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, आमच्याकडे तेव्हा द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरत असे. वडीलमंडळींनी बैठक घेऊन ठरवलं की अण्णांनी तो सर्वांत शेवटी घ्यावा. हे सांगायला पाळकसाहेब घरी आले आणि दारातच उभे राहून रडले. रडून काय उपयोग! ज्यांनी भर उपासनेत बोट दाखवून या हाताला मोठं केलं, त्यांनी भर उपासनेत एवढं तरी म्हणायला हवं होतं की चूक आपल्या सगळ्यांची झाली. ते कुणी म्हणालं नाही. अण्णांनी शेवटी प्याला घेणं सोडून दिलं. ते मागच्या बाकावर बसत आणि प्याला फिरायच्या वेळी बाहेर जाऊन उभे राहत. रंगखान्याच्या मालकानं मात्र त्यांना काढलं नाही, सूत उन्हात वाळत घालायचं काम दिलं. मालक ना आमच्या मंडळीतला, ना शास्त्र वाचणारा.

शास्त्रातच दुसरा एक दाखला आहे. लोक झोपलेले असताना वैरी येतो आणि गव्हात निदण, म्हणजे तण, पेरून जातो. तेही तसंच वाढतं, रात्रंदिवस, कुणाला न कळता. उगवताना दोन्ही सारखीच दिसतात. अण्णांनी हे दोन दाखले आम्हाला वेगवेगळ्या रविवारी शिकवले आणि आम्ही ते कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत. न दिसता वाढतं ते सगळं देवाचंच, असं आम्ही धरून चाललो. मी पुढं नर्स झाले, आयुष्यभर लोकांच्या अंगावरचे चट्टे, गाठी, जखमा उकरून बघत राहिले, आणि प्रत्येक वेळी मनात कुठंतरी अण्णांशी भांडत राहिले. तरीही मी उपासनेला जाते. विश्वास सुटला नाही माझा. फक्त त्यावर बोलणाऱ्यांचं आता मी फारसं ऐकत नाही.

आम्हा दोघांना गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, वर्षानुवर्षं. तपासनीस सुरुवातीलाच म्हणाले होते, काही दिसणार नाही, बरं वाटतंय असंही वाटणार नाही, तरी घेत राहायचं. अण्णा एकही दिवस चुकले नाहीत. माझा चट्टा लहान होता, वेळेत सापडला होता. तो हळूहळू गेला. पाच वर्षांनी तपासनिसांनी माझ्या कागदावर रोग नाही असं लिहून दिलं. अण्णांचाही रोग थांबला, पण गेलेलं परत आलं नाही. बोटं आत वळली ती वळलीच. दोन वर्षं आधी दाखवलं असतं तर हात वाचले असते. हे तपासनीस मला म्हणाले नाहीत. मी शिकायला गेल्यावर पुस्तकात वाचलं.

पण मी जे सांगायला बसले आहे ते वेगळंच आहे. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत अण्णा रोज सकाळी मी शाळेला निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवत. कधी पाठीवर थोपटत. त्या दिवसानंतर त्यांनी मला हात लावला नाही. एकदाही नाही. मी समोर आले की त्यांचे हात मागं जात. ताटातली भाकरी द्यायची झाली तर ते ताट जमिनीवर सरकवत. मी त्यांना शंभरदा सांगितलं, गोळ्या घेतल्यावर हा रोग दुसऱ्याला होत नाही, तपासनीस म्हणालेत. ते म्हणत, व्हय, म्हाईत हाय. आणि हात मागंच ठेवत. एकदा मी चिडून त्यांचा हात ओढून घेतला, तर ते घरातून निघून गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. आईनं मला हात जोडले, म्हणाली, परत तसं करू नगंस.

अठ्ठ्याहत्तर साली मला परगावी नर्सिंगला प्रवेश मिळाला. निघायच्या सकाळी आमच्याकडे प्रार्थना होती. अण्णांनीच प्रार्थना केली, छान केली, पूर्वीसारखी. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, हात पाठीमागं. मी डोळे उघडेच ठेवले होते. मला वाटलं होतं, आज तरी. आमेन झालं आणि ते ट्रंक उचलायला वळले.

एसटी स्टँडवर गर्दी होती. अण्णांनी ट्रंक खांद्यावर आणली होती, ती खाली ठेवून ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि गाडी कुठल्या बाजूनं येते ते बघू लागले. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांनी विचारलं, कुठं निघालात. अण्णा त्यांच्याकडे तोंड करून सांगू लागले. पोरगी नर्स व्हनार हाय आमची. मार्क लई चांगले पडले. शाळंतनं तिसरी आली.

त्यांचा उजवा हात माझ्या बाजूला लोंबत होता. मी तो हातात घेतला.

ते बोलत राहिले.

मी अगदी हलकेच धरला होता, ओढ बसणार नाही असा. तळवा खरखरीत आणि कोरडा होता, दोन बोटं आत वळलेली. रंगखान्याचा रंग चार वर्षांत पुसून गेला होता, आणि हात साधा गव्हाळ होता, माझ्यासारखाच. मी माझी बोटं त्यांच्या वळलेल्या बोटांत घातली. ते त्या म्हाताऱ्यांना सांगत होते की तीन वर्षांचा कोर्स हाय, राहायची सोय तिथंच हाय, जेवण बी मिळतं. समोरच्या बाकावरची एक बाई आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी किती वेळ तशी उभी होते सांगता येणार नाही, पण दोन गाड्या येऊन गेल्या.

मग आमची गाडी फाटकातून आत वळताना मला दिसली. आता ते ट्रंकेसाठी खाली बघतील, हे मला माहीत होतं. ते वळायच्या आत मी हात सोडला.